झुकलेली तार

५ जाने. २००४, सोम.
विमा कंपनीचं पाकीट आलं. आरटीओतून निवृत्त झाल्यापासून हाच उद्योग: गाडी ठोकली की का ठोकली, ते मोडक्या पत्र्याला विचारायचं. या वेळी कॉलसेंटरची जीप. येरवड्याच्या पुढे पहाटेच्या अंधारात मागून स्कूटरला धडकली. ड्रायव्हर म्हणतो, स्कूटरचा मागचा दिवा बंद होता. स्कूटरवरची मुलगी वाचली, मांडीचं हाड मोडलं.
पुढे नाव वाचलं आणि चष्मा काढून पुसला. केतकी देवधर. खडकीच्या मैदानावर रोज सकाळी ज्यांच्याबरोबर चालतो, त्या देवधरांची मुलगी. अपघात झाल्याचं माहीत होतं, कागद माझ्याकडे येतील असं वाटलं नव्हतं.
पाकीट परत करायला हवं. केलं नाही. दुसरा कोणी नुसता पत्रा बघेल, अशी स्वतःची समजूत घातली.

७ जाने., बुध.
लोणी काळभोरला जाऊन ड्रायव्हरला भेटलो. दत्ता. गाडी काढून घेतल्यापासून घरीच आहे.
"साहेब, पोरीचं लई वाईट झालं. पर लाइट न्हवता, हे खरं हाय."
झोप लागली होती का, विचारलं.
"तुमी बी तेच इचारा."
बायको चहा ठेवून आत गेली आणि दाराआड उभी राहिली. बांगड्या वाजल्या म्हणून कळलं. लायसन गेलं तर याला दुसरं काही येत नाही, आणि कोर्टात दोषी ठरला तर तुरुंग.
जमिनीकडे बघून बोलत होता. खोटी माणसं अशीच बघतात. खरं बोलणारी गरीब माणसंही. इतकी वर्षं झाली, फरक काही कळला नाही.

९ जाने., शुक्र.
चौकीमागचं मैदान. जप्त केलेल्या गाड्या, त्यांच्यात गवत. फाटकाला भलंमोठं कुलूप, कुंपण मात्र तीनच बाजूंना. पंचनामा १९ला. आज नुसतं बघायची परवानगी.
मागच्या दिव्याची काच तडकलेली. स्क्रू काढले. आतला बल्ब शाबूत. भिंगातून तार पाहिली: ताणून लोंबलेली. दिवा पेटलेला असला तर तार तापून मऊ असते, धक्क्यानं ओघळते. विझलेल्या दिव्याची तार थंड. ती टिकते नाहीतर तटकन तुटते, झुकत नाही. म्हणजे दिवा चालू होता. केतकीवर बोट नाही. दत्ता खोटा.
आनंद झाला. मग त्या आनंदाचाच संशय आला. पुन्हा भिंग लावलं.
तार डाव्या कुशीला झुकलेली. बस एकदम सुटली की उभी माणसं मागे पडतात. मागून धक्का बसला तर तारही मागेच झुकायला हवी. बल्ब पिनांमुळे एकाच बाजूनं बसतो, उलटसुलट बसला म्हणायची सोय नाही. स्कूटर घसरून दुभाजकाला आडवी आपटली, तेव्हा झुकली असेल? असेलही. पण अख्ख्या स्कूटरवर धुळीचा थर, आणि बल्ब आंघोळ करून बसल्यासारखा.
फोटो काढला. बल्ब होता तसा बसवला. काढून न्यायचा मला अधिकार नाही. हवालदाराला सहज विचारलं, इकडे कोण येऊन गेलं?
"मुलीचे वडील आलेले की. डिकीतला रेनकोट न्यायला."
जानेवारीत रेनकोट.

१० जाने., शनि.
रात्रभर डोक्यात तार. सकाळी आठवलं. दिवाळीनंतर मैदानाच्या कट्ट्यावर मीच ही गंमत सांगितली होती. ऊन कोवळं, मंडळी ऐकायच्या मूडमध्ये, आणि मी सुटलेला. "तापलेली तार म्हणजे हळवं मन. धक्का बसला की झुकणार. थंड तार ताठ. मोडेल, पण वाकणार नाही." वाहवा मिळाली. देवधर म्हणाले, "गजभिये, तुम्ही कवीच व्हायचे, वाट चुकून आरटीओत शिरलात. लायसनची परीक्षाही वृत्तात घेत असाल."
तार कुठल्या बाजूला झुकते, ते सांगितलं नव्हतं. कवितेत बसत नव्हतं.
हिला सगळं सांगितलं. ही मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कट्ट्यावर क्लास तुम्हीच घ्यायचा, आणि पेपरात कॉपी झाली की डोकंही तुम्हीच धरायचं."
दे.चं आयुष्य खडकीच्या कारखान्यात गेलं. हात सराईत. बॅटरीवर बल्ब पेटवायचा, हातोडीचा एक ठोका. बास.
छे. चौदा एप्रिलला न चुकता पहिला फोन त्यांचा असतो. माझी बायपास झाली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर झोपलेला माणूस.

१३ जाने., मंगळ.
केतकीला बघायला गेलो. पायाला वजन टांगलंय. लहानपणी हिच्याकडून शाळेच्या कविता मीच पाठ करून घेतल्या. ओळ अडली की माझ्याकडे बघायची.
"काका, दिव्याचं मला काहीच आठवत नाही हो. बाबा म्हणतात, चालू होता."
"म्हणतात काय? चालूच होता," दे. खिडकीशी, पाठमोरे. "आदल्याच दिवशी बघितला होता मी."
केतकी त्यांच्याकडे बघत राहिली. ओळ अडल्यासारखी.
निघताना दे. जिन्यापर्यंत आले. "पंचनाम्याला तुम्हीच आहात म्हणे. बरं झालं. घरचा माणूस." नऊ तारखेला जाऊन आलो, हे मी सांगितलं नाही. त्यांनी रेनकोटाचं सांगितलं नाही.

१६ जाने., शुक्र.
आमच्या पाचवीच्या पुस्तकात गळाला लागलेल्या माशाची कविता होती. गुरुजी चालीवर म्हणायचे. भंडाऱ्याची ती कौलारू शाळा, बाहेर चिंच, आणि आम्ही पोरं झाडून सगळी माशाच्या बाजूची. गळ धरणाऱ्याचं पुढे काय होतं, ते कवितेत नव्हतं.
आज गळ माझ्या हातात.
चालून झाल्यावर दे.नी डबीतून तिळगूळ दिला. कट्ट्यावर दोघंच. मी म्हटलं, "त्या दिवशी तारेचं अर्धंच सांगितलं होतं मी. तार झुकते, पण वाटेल तिकडे नाही. मागून धक्का बसला तर मागेच झुकायला पाहिजे."
दे. तिळगूळ चावत होते. चावायचे थांबले.
"हे त्या दिवशी नव्हतं सांगितलंत."
"राहून गेलं."
"कवी माणूस," म्हणाले. हसले नाहीत.
निर्मळ असतील तर माझं बोलणं हवेत गेलं. नसतील तर बल्बातली तार सोमवारपर्यंत कूस बदलेल, आणि माझ्याजवळ फोटो आहे. म्हणजे आता बल्ब बदललेला निघाला तर मी जिंकलो. असलं जिंकणं कोणाला हवंय?
तिळगूळ खिशातच राहिला. चिकटला.

१८ जाने., रवि.
दे. चालायला आले नाहीत. गुडघा दुखतोय, असा फोन. थंडी आहे, दुखत असेल. मलाही दुखतो.
दुपारी दत्ताचा फोन. "साहेब, उद्या काय व्हईल?" जे असेल ते, म्हटलं. "असंल तेच व्हऊ द्या," म्हणाला. खोटा माणूस असं म्हणेल? हुशार असेल तर म्हणेलही.

१९ जाने., सोम.
पंचनामा. दोन पंच, हवालदार, मी. स्क्रू एकेक करून काढले. कव्हर निघालं.
बल्ब नाही. होल्डर रिकामा.
हवालदार म्हणाला, "इथनं बल्ब, आरसे, काय काय जातं, साहेब. काल तो ड्रायव्हरही घिरट्या घालत होता. मग काय लिहायचं, दिवा नव्हताच?"
दिवा नव्हताच म्हटलं की दत्ता सुटतो आणि दोष केतकीच्या माथी. मला बल्ब दिसला होता म्हटलं की तो कसा होता, हे सांगावं लागेल; मग स्वच्छ काच, डावी कूस, रेनकोट, सगळं ओळीनं. मी म्हटलं, आज दिसतंय तेवढंच लिहा. माझं मत लिहायला आठवडा मागितला.
दत्तानं नेला असेल? त्याला कुठं माहीत होतं बल्ब काय बोलतो. भुरट्या चोरानं? आजूबाजूचे शाबूत बल्ब सोडून? की कोणी आपण लावलेला खोटा दिवा आपणच काढून घेतला, मुलीचं नुकसान होईल हे कळत असूनही? तसं असेल तर ते शहाणपण की भीती?
संध्याकाळी दे. कट्ट्यावर. गुडघ्याला पट्टा नाही.
"झाला पंचनामा?"
"झाला. बल्बच नाही त्यात."
आश्चर्य नाही, प्रश्न नाही. मुलं क्रिकेट खेळत होती, तिकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता, हळूच:
"तुम्ही शुक्रवारी गेलात तेव्हा होता ना?"
कुठला शुक्रवार, मी विचारलं नाही. नऊ तारखेचं हवालदारानं सांगितलं असेल. त्याला कोणाशीही बोलायला आवडतं. सांगितलं असेलच.
उठताना त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला, मीही नेहमीसारखा तो धरून उठलो.
कॅमेऱ्यात रोल तसाच आहे, बल्बचा फोटो त्यातच. ही म्हणते, शेवटचे फोटो राहिलेत ते संपवा आणि टाका एकदाचा धुवायला. गॅलरीतल्या जास्वंदीचा काढतो म्हटलं. ऊन बरं नव्हतं म्हणून आज राहू दिलं.