धुळे जिल्ह्यात एक कमी

दोंडाईचा, ३ जून २०२२
धाकटा मुलगा प्रकाश जळगावहून परत आला. कंपनीने काढलं. दोन बॅगा आणि कॉम्प्युटर, एवढंच सामान. नवीन नोकरीसाठी दाखवायला काहीतरी बनवतोय. जेवताना विचारलं. म्हणाला, "आबा, बठ्ठा जगना कोरोना एका पानवर. कोनता देशमा किती आजारी, किती गेले." म्हटलं, आता कशाला, गेला ना तो.
"म्हनीसनच."


५ जून
लाईट दोनदा गेली. कॉम्प्युटर जळेल म्हणून मी पिन काढून ठेवतो, प्र. चिडतो. नकाशा दाखवला. देशावर बाण नेला की आकडा. खाली आपले जिल्हे पण. "धुळे शे का?" "शे ना आबा. तारीख बी शे."
तारीख पण आहे.

८ जून
मला कामाला लावलं. कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं वजनकाट्यावर होतो, चुकलेला आकडा मला लगेच दिसतो, हे त्याला माहीत. तो सरकारी कागदावरून वाचतो, मी पडद्यावर बघतो. धुळ्याचा मागच्या वर्षीचा एप्रिल आला. त्याची आई गेली ती तारीख आली. आकडा वाचून तो पुढच्या ओळीवर गेला. तिला त्या आकड्यात शोधेल कशाला? आईचं हार्ट बंद पडलं, असंच त्याला माहीत. मीच सांगितलं. तो तेव्हा जळगावला तापात पडलेला, येऊ शकला नाही.
बारा ओळी खाली अक्काची तारीख. माझी थोरली बहीण. ती मोजलेली आहे.

९ जून
लिहूनच टाकतो. प्र.च्या आईचा रिपोर्ट त्या दिवशी सकाळी आला, कोरोना. दुपारी ती घरातच गेली. कळलं असतं तर पिशवीत बांधून परस्पर नेली असती. सवाष्ण गेली. हिरवं लुगडं, मळवट, ओटी, सगळं तिने किती वर्षं बोलून ठेवलेलं. रिपोर्ट घडी करून बंडीच्या खिशात घातला. गल्लीतल्या डॉक्टरला म्हटलं, छातीत दुखत होतं. त्याने हार्ट लिहिलं.
नरडाण्याहून अक्का आली. "भाऊ, तू बाहेर बठ. मीच तिले आंघोळ घालसू."
सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात पाणी तापलं म्हणून आतून कुणीतरी हाक मारली.
लुगडं फार नीट नेसवलं अक्काने.

१२ जून
प्र.ला विचारलं, एखादं माणूस राहून गेलं असेल तर आकडा एकाने वाढवता येतो का. हसला. "आबा, हाऊ काय काटा शे, बोट ठेवं का वजन वाढी गयं? सरकारना कागदवर नही ते आठे नही." मग म्हणाला, "कोन राही गये?"
म्हटलं, असंच विचारलं.

१५ जून
पान सगळ्यांसाठी उघडलं. प्र.ने पेढे आणले. खूप दिवसांनी हसताना बघितला. अक्काच्या शांतारामलाही पाठवलं, त्याचा फोन आला.
"मामा, मनी मायनी तारीख दखी. शे ती तठे. बरं वाटनं."
मग म्हणाला, "तिले कोठून लागनं व्हई, आजून समजत नही."
मी हो म्हटलं. हो कशाला म्हटलं

१६ जून
प्र. बाजारात गेलाय. पानाच्या तळाशी 'चूक कळवा' असं बटण आहे. ते शब्द मीच सुचवलेले. दाबलं. चौकट उघडली. जिल्हा, तारीख, काय चूक. एका बोटाने लिहीत बसलो. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच तिचं नाव, नंतर कधी घेतलं नाही. आज लिहिलं. सिंधूबाई. या तारखेला धुळे जिल्ह्यात एक कमी आहे. रिपोर्ट पत्र्याच्या पेटीत, तिच्या लुगड्यांखाली. अक्काला कोठून लागलं तेही लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.
पाठवलं. हिरवी खूण आली, धन्यवाद म्हणून.
हे सगळं प्र.च्या मोबाईलवर जातं. फाटक वाजलं. आलाय तो. ओट्यावर चप्पल काढतोय, पिशवी खाली ठेवली, मोबाईल बघत तिथेच उभा