मिर्ताचा आवाज आणि माझा प्रोसेसर

४ मार्च

कॉम्प्युटरचा नवा बोर्ड आला! कस्टमवाल्यांच्या तावडीतून सुटला एकदाचा. तळहाताएवढा. रिस्क-फाइव्ह प्रोसेसर – ज्याची रचना कुणा एकाच्या मालकीची नाही, कुणीही उघडून वाचावी. घरची संगणकप्रणाली, युनिक्स, आता यावरच. जुनं मशीन आमच्या शनिवारच्या खुल्या सॉफ्टवेअरवाल्या मंडळाला देऊन टाकलं.

बायको, मिर्ता, म्हणाली, "जुन्याला काय धाड भरली होती?"

म्हटलं, त्याच्या पोटात काय चालतं ते आपल्याला कळत नाही.

"माझ्या पोटात काय चालतं ते तरी कुठं कळतं तुला?"

हसलो.

७ मार्च

युनिक्स चढलं. एक लचांड मात्र आहे – मिर्ताचा आवाज. नजर अधू झाल्यापासून पडद्यावरचं सगळं ती ऐकते. तो वाचून दाखवणारा आवाज बनवणारे मूळ कोड देत नाहीत. तयार प्रोग्रॅम देतात, तोही फक्त घरोघरी असतो त्या प्रोसेसरसाठी. इथं चालणारा दुसरा, खुला आवाज बसवून दिला. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावं तसा बोलतो.

मिर्तानं बराच वेळ ऐकलं. "शब्द सुटे कळत नाहीत रे."

"होईल सवय."

"बरं," म्हणाली. उठून गेली.

९ मार्च

शनिवार. स्टेशनमागच्या बारमध्ये मंडळाची बैठक. बोर्ड सगळ्यांच्या हातांतून फिरला. ओस्वाल्दो म्हणाला, "खरं सांग इलारिओ, घरी नेहमीचं एखादं मशीन लपवलंयस ना?" मी म्हटलं, एकही नाही! टाळ्या पडल्या.

मग नोएमीनं विचारलं, "आणि मिर्ता? तिचं भागतं यावर?"

"मजेत!" म्हणालो मी.

का म्हणालो? पाराना नदीच्या काठाकाठानं चालत घरी आलो.

१४ मार्च

मिर्ता मशीनला हातच लावत नाही. विचारायला हवं. विचारलं नाही.

२१ मार्च

लिहू नये असं वाटतं. लिहितो.

खालच्या मजल्यावर सुलेमाचं केस कापायचं दुकान. तिचं भांडं परत द्यायला गेलो. दार उघडंच. एका बाईच्या डोक्याला रंग लावलेला, दुसरी नंबर लावून बसलेली. मधल्या खुर्चीत मिर्ता – मान खाली. आणि सुलेमा आपल्या फोनवर तिची मेल उघडून खणखणीत आवाजात वाचत होती: "आई, गोळ्या वेळेवर घेतेस ना? रडू नकोस गं..."

हिमेनाचं पत्र. आमच्या पोरीचं. दोन परक्या बायकांसमोर!

सुलेमानं मला पाहिलं नि मध्येच थांबली. मी भांडं टेबलावर ठेवलं आणि चोरासारखा निघालो. ती जिन्यापर्यंत मागे आली. "एवढा शिकलेला माणूस तू! बायकोला एक नीट बोलणारं मशीन देववत नाही?"



२२ मार्च

"मला सांगायचंस तरी," असं मिर्ताला म्हणालो. वर आवाज माझाच चढलेला.

"सांगितलं होतं. तू म्हणालास, होईल सवय. मग मी केली सवय – सुलेमाची."

२३ मार्च

बैठकीत उभा राहून सांगितलं, मागच्या वेळी खोटं बोललो. जुनं मशीन परत हवंय. मिर्ताला या प्रोसेसरवर वाचता येत नाही, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ओस्वाल्दो हसायला लागला – "आला का शेवटी वळणावर!" मग माझं तोंड पाहून गप्प झाला. नोएमीनं बारमधल्या मंडळाच्या कपाटातून मशीन काढून माझ्या हातात दिलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

२५ मार्च

मशीन लागलं. युनिक्स तेच, प्रोसेसर जुना. मिर्ताचा आवाज पहिल्या झटक्यात बोलला.

"आला माझा माणूस!" म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. मला त्या आवाजाचा हेवा वाटला. वाटू दे. तिनं माझ्यासाठीही येर्बाचा कडू चहा ओतला.

वाटलं, निभावलं.

२६ मार्च

सकाळी पाणी तापवत होतो. मागे तो आवाज एकेक शब्द सुटा करून हिमेनाचं पत्र वाचू लागला – "आई, खोली रंगवून झाली. ईस्टर झाला की माझ्याकडे राहायला ये. परत जायचा विचारही करू नकोस. बाबांना सांगितलंस का?"

मिर्तानं आवाज बंद केला नाही.

"ऐकलंस ना?" म्हणाली. "बरं झालं. मला तोंडानं सांगायला जमत नव्हतं."