मूठभर बर्फ

लातूर, १२ जानेवारी, संध्याकाळ

आमच्या वडलांना, आप्पांना, समाधी देऊन आलो. धाकटा भाऊ महेश पोहोचलाच न्हाई.

नॉर्वेत विमानतळाकडं निघालेली त्याची बॅटरीवरची गाडी गुडघाभर बर्फात रुतली. मदत येईपर्यंत चार्जिंग पुरावं म्हणून त्यानं हीटर बंद ठेवला होता. व्हिडिओवर बोलताना तोंडातून वाफ निघत होती. "ताई, थांबवा ना जरा," म्हणत राहिला. कसं थांबवणार? विधी करणारे स्वामी म्हणाले, दिवस मावळायच्या आत उरका. अजून थोडं थांबता आलं असतं का? काय माहीत.

आप्पांना खड्ड्यात बसवलं, कपाळाला विभूती लावली. सगळे माती देऊ लागले. मी एका हातानं माती टाकली, दुसऱ्या हातात फोन धरलेला. तेवढ्यात महेश गाडीतून खाली उतरला. उघड्या हातानं मूठभर बर्फ उचलला अन् फोनसमोर हळूच सोडला. "आप्पा," एवढंच म्हणाला. मग पुन्हा त्या गार गाडीत जाऊन बसला.

हीटर लाव, हे म्हणायचं मला सुचलंच न्हाई. आप्पांनी सगळ्यात आधी तेच विचारलं असतं, "लेकरा, थंडी वाजायली का?"