सहा जणांची गाडी

१२ फेब्रुवारी, मंगळवार

लिही. दवाखान्यातल्या नर्सबाईने आज ही वही दिली. तुमच्या नवऱ्याला कुठे दुखतं, किती दुखतं, रोजचं टिपून ठेवा म्हणाली. मी म्हटलं, बाई, मला अक्षर येत नाही. तर म्हणे, कोणाकडून तरी लिहून घ्या. म्हणून सून लिहितेय. सिन्फाय, माझ्या लेव्हीची बायको. आम्हा फिरत्या जिप्सी लोकांत सहा वर्षं शाळेत टिकलेली ही एकटीच. मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं, तिच्याबद्दलचं वाईटसुद्धा, असं ठरलंय. तोंड वाकडं करतेय. तेही लिही.

नवऱ्याचं, गोलायथचं, दुखणं: छातीत. पाठीत. नर्सबाईला आणखी काय हवं?

१३ फेब्रुवारी

डॉक्टरने बाहेर बोलावलं. पाच आठवडे, फार तर सहा. घरी नेऊ शकता, पण घर कोरडं हवं, गरम हवं.

दुपारी नर्सबाई आमची कॅरव्हॅन, म्हणजे राहायची गाडी, बघायला आली. दारातून आत शिरली आणि तिच्या बुटाची टाच थेट जमिनीत गेली. तिथली फळी कुजलीय. मी रोज ती जागा टाळून चालते, तिला सांगायचं राहिलं. टाच सोडवून घेता घेता तिने छतावरची ओल पाहिली, आणि तिचा चेहरा उतरला. हे चालणार नाही, म्हणाली. महिनाअखेरपर्यंत दुसरी सोय करा, नाहीतर त्यांना आजाऱ्यांच्या घरात ठेवावं लागेल. विटांचं घर. दुसरा मजला.

अठ्ठ्याहत्तर वर्षांत हा माणूस विटांखाली झोपलेला नाही, दवाखान्याचे अकरा दिवस सोडले तर. परवा मला विचारत होता, इथल्या खिडक्या उघडत का नाहीत? मी म्हटलं, तू पळून जाशील म्हणून. हसला. मला हसू आलं नाही.

१६ फेब्रुवारी, शनिवार

लेव्ही आज तोंड उघडून बोलला. पैसे आहेत म्हणाला. नऊ वर्षं झाडं तोडून साठवलेले, पोरांच्या कॅरव्हॅनसाठी. कोरी, कारखान्यातून आलेली. आमच्या घराण्यात कोणी कोरी गाडी घेतलेली नाही. दुसऱ्याने वापरून टाकलेली आणायची, ठोकठाक करायची, हेच चालत आलंय. ती आता घेऊ, म्हणाला, बाबाला तिच्यात आणू.

मग सगळे चुलीकडे बघत बसले. कारण जे होतं ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्यात माणूस ज्या गाडीत मरतो ती गाडी त्याच्यामागे जाळतात. आतल्या कपबशीसकट. माझ्या आईची जाळली, सासऱ्याची जाळली. ती कोणी वापरत नाही, विकत नाही. मेलेल्याच्या गाडीत झोपणं म्हणजे विटाळ, आणि तो विटाळ धुऊन जात नाही.

पैसे एका गाडीचे आहेत. दोन गाड्यांचे नाहीत.

सिन्फायचा हात थांबलाय. लिही गं. तुझ्या गाडीत पोरांच्या उशाशी काळी बुरशी चढलीय, धाकटी सगळा हिवाळा खोकतेय, हेही लिही. मला दिसत नाही असं समजू नकोस.

१९ फेब्रुवारी

पहिलं दुकान. काचेचं, फुलांच्या कुंड्या ठेवलेलं. लेव्हीचा ट्रक आवारात शिरला तसा एक कोट घातलेला माणूस घाईघाईने बाहेर आला. सगळ्या विकल्या गेल्यात, म्हणाला. मागे अठ्ठावीस गाड्या उभ्या होत्या, मला मोजता येतं. मी म्हटलं, लेकरा, मग एवढ्या धुऊन-पुसून कशाला ठेवल्यास? तो म्हणाला, मॅडम, ताब्यात द्यायच्या बाकी आहेत. कानापर्यंत लाल झाला होता.

आपण कोण ते आपल्या तोंडावर लिहिलेलं असतं. एवढं मात्र सगळ्यांना वाचता येतं.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरं दुकान, दीड तासावर. इथली पोरगी बरी. मोठ्या हौशीने एक दार उघडून दाखवलं. संडास! चुलीपासून दोन हातांवर. मी विचारलं, तुमच्यात जेवता जेवता जातात का? पोरगी हसली, पण तिला कळलं नाही. बेसिनही एकच. भांडी त्यात, हात त्यात, चड्ड्याही त्यातच धुवायच्या म्हणे. लेव्ही म्हणाला, दार खिळे ठोकून बंद करू, दोन बादल्या वेगळ्या ठेवू. पोरगी म्हणाली, खिळे ठोकलेत तर हमी जाईल. जाऊ दे, म्हटलं.

मी दोन जणांची छोटी गाडी धरून बसले. कोरडी होती, गरम होती, जाळायला सोपी. सिन्फाय सहा जणांच्या गाडीत जाऊन उभी राहिली. मागच्या बाजूला पोरांसाठी एकावर एक पलंग, प्रत्येकाला वेगळा दिवा. ती तो दिवा लावत होती, विझवत होती.

परत येताना ट्रकमध्ये बोलली. हे तिचे शब्द, तिलाच लिहायला लावते: "आई, छोटी घेतली तर पैसे संपले. बाबांना एक महिना, आणि माझ्या पोरांनी आणखी नऊ वर्षं बुरशीत काढायची?"

मी म्हटलं, मग ठेवू त्याला विटांत? ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर काय होतं? कोबी. आमच्या या लिंकनशर परगण्यात दुसरं असतं काय.

२३ फेब्रुवारी

गोलायथला दुकानातलं गाड्यांच्या चित्रांचं पुस्तक नेऊन दिलं. त्यालाही अक्षर येत नाही, पण चाकं, जोडणी, दार कुठल्या बाजूला, हे तो चित्रावरून सांगतो. छोट्या गाडीचं पान त्याने न थांबता उलटलं. सहा जणांच्या गाडीवर बोट ठेवलं.

"ही घ्या. पोरांना."

मी म्हटलं, आणि तू?

"मी तिच्यात राहीन. मरणार नाही."

तुला विचारून येणार आहे का ते, म्हटलं. तर म्हणाला, "माझी आई रस्त्याकडेला तंबू ठोकून त्यात बाळंत झाली, गाडी विटाळायला नको म्हणून. लेव्हीला सांग, तसाच तंबू दाराशी घालून ठेव. वेळ आली की मी सांगेन. मला त्यात न्या."

शब्द देतोस? म्हटलं. हात पुढे केला. घोड्याचा सौदा पटल्यावर करतात तसा. मी टाळी दिली. नंतर वाटलं, कशावर दिली मी टाळी?

२८ फेब्रुवारी, गुरुवार

गाडी आली. पांढरीशुभ्र, सहा जणांची. पोरं धावत आली आणि दाराशी थबकली, चर्चमध्ये आल्यासारखी. सिन्फायने त्यांना पायरीवर चढू दिलं नाही. गाद्यांवरचं प्लास्टिकही काढलं नाही तिने. मी कारण विचारलं. तर म्हणे, गादीला कोणाचं अंग लागलं नाही तर बरं. संध्याकाळी दवाखान्याच्या माणसांनी गोलायथला त्या प्लास्टिकवर ठेवलं. कूस बदलली की चुरचुर वाजतं. खाऊच्या पुडीत बांधल्यासारखं वाटतंय, म्हणाला.

लेव्हीने हेझल झाडाच्या लवचिक काठ्या वाकवून तंबू घातला, वर ताडपत्री. नर्सबाईने विचारलं, हा कशासाठी? कुत्र्यासाठी, म्हटलं.

६ मार्च

दुखणं: खूप. डुकराच्या मांसाच्या बेकन पुडिंगचा एक घास घेतला. मी केलेलं नाही हे लगेच ओळखलं. सिन्फायने केलं होतं. हे मुद्दाम लिहून घेतेय.

९ मार्च, शनिवार

वारा समुद्रावरून येतोय, सुरीसारखा. लवकर तंबूत नेलं तर थंडीनेच जाईल. उशीर केला तर गाडी जाईल. कधी न्यायचं? आम्ही तिघं पाळीपाळीने त्याच्या छातीकडे बघत बसतो. नवऱ्याजवळ बसलेय आणि मनात म्हणतेय, आज नको, इथे नको. अशी मी बायको.

चिडून सिन्फायला म्हटलं, तू त्याच्याकडे बघत नाहीस, भिंतींकडे बघतेस. ती म्हणाली, "दोन्हीकडे बघते, आई." मग बाहेर जाऊन पोरांची गाडी पुसत बसली, तीच बुरशीची. आता हे लिहिताना नाक ओढतेय. वहीवर सांडू नकोस.

१४ मार्च, गुरुवार

आज झालं असं वाटलं. डोळे पांढरे केले, बोटं निळी. लेव्हीने खांदे धरले, सिन्फायने पाय, मी उशी. भर दुपारी, पावसात, तंबूत नेऊन ठेवला. गुडघ्यावर बसून जेवढी प्रार्थना येते तेवढी म्हटली. पाव तासाने त्याने डोळे उघडले. मी इथे का? म्हणाला. मी म्हटलं, तू मरतोयस. तो म्हणाला, "नाही अजून. चहा दे."

परत आत. तिघांची कंबर गेली. लेव्ही चाकाला टेकून बसला, हसला की रडला कळलं नाही. मी देवाकडे काय मागितलं ते सांगत नाही. सिन्फाय लिहील म्हणून.

१८ मार्च

दुखणं लिहून काय करायचं. बोलत नाही. डोळ्यांनी मला शोधतो. मी समोरच असते.

२० मार्च, बुधवार

गेला.

पहाटे. माझा डोळा लागला होता समोरच्या बाकावर. सिन्फाय बसायला आली तेव्हा त्याने तिला खूण केली, बाहेर. लेव्ही पाण्याला गेला होता. तिने एकटीने गोधडीसकट त्याला तंबूत नेलं. मग मला हाक मारली, आई, या. मी गेले तोवर संपलं होतं. हे सगळं तिने सांगितलं, तिनेच लिहिलं.

दिलेला शब्द पाळला त्याने. आता त्याचं नाव घ्यायचं नाही. आमच्यात घेत नाहीत.

२४ मार्च, रविवार

त्याला पुरलं. तंबू जाळला, त्याचे बूट, लगाम, खुर्ची, माझी कुजकी गाडीसुद्धा. पन्नास वर्षं पाऊण तासात जळतात. मी आता लेव्हीकडे.

पोरं नव्या गाडीत गेली. सिन्फायने आज प्लास्टिक फाडलं. धाकटीने रात्रीचा दिवा दहा वेळा लावला म्हणे. लेव्ही सगळ्यांना सांगत सुटलाय, माझ्या बाबासारखा माणूस नाही, मरणालाही दारात थांबवून ठेवलं त्याने. लोक माना हलवतात. सिन्फाय मात्र जेवत नाही. दिवसातून तीनदा नव्या गाडीची जमीन घासते. तिच्या हातांची सालं निघालीत.

२७ मार्च

पोरं बाहेर आहेत, लेव्ही कामावर. दार लाव आणि लिही. मान खाली ठेव, माझ्याकडे बघू नकोस.

त्या पहाटे मी झोपले नव्हते. तो इथेच गेला, या गादीवर. मी श्वास थांबलेला ऐकला आणि डोळे घट्ट मिटून पडून राहिले. वाटलं, मी पाहिलं नाही तर झालंच नाही. मग तू आलीस, तेव्हा पापण्यांच्या फटीतून पाहिलं. त्याच्या तोंडाशी गाल नेलास, आणि बराच वेळ तशीच उभी राहिलीस. मग त्याला ओढत नेलंस. पायरीवर त्याची टाच अडकली, तू "बाबा, माफ करा" म्हणालीस. ते ऐकलं मी.

हात का थांबला? लिही. गाडी राहील. विटाळ असलाच तर तो आपल्या दोघींचा, पोरांचा नाही.

आणि पाय धरायला मी उठायला हवं होतं.