खोडलेले ट्रक

ता. ३
खोली झकास मिळाली. नदीकडे मोठी खिडकी, पलीकडे नुसतं गवत आणि वारा. नवा रस्तापूल इथूनच जाणार आहे. त्याने आसपासची हवा किती बिघडेल ते काढून अहवाल द्यायचा, एवढंच माझं काम. घरमालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात. खाली त्या आणि त्यांची शाळकरी नात. पोरीला दमा आहे, उशाशी पंप असतो. मी जिना चढायच्या आतच काकूंनी विचारलं की पूल झाला तर हिचं काय होईल. म्हटलं, आधी सामान तर ठेवू द्या. त्या हसल्या. नोकरी नवी, खोली नवी, हवा फुकट. माणसाला आणखी काय लागतं?

ता. ७
गच्चीवर यंत्र बसवलं. ते हवा ओढतं आणि आतल्या गोल कागदावर धूळ धरतं. कागद संध्याकाळीही जवळजवळ पांढराच. पण ही झाली आजची हवा. उद्याची गणितातून काढावी लागते: पुलावरून किती गाड्या जातील, त्यावरून किती धूर. आज गणित मांडलं तर धूर मर्यादेच्या बराच वर, आणि नेमका या घरापाशी. पोरीने यंत्राचं नाव 'घोरणारे आजोबा' ठेवलंय.

ता. ११
साहेबांचा फोन. म्हणाले, आपल्याला पूल पास करायचाय, नापास नव्हे. मालाचे ट्रक फारच धरलेत, अर्धे काढा. थोडी हुज्जत घातली, मग काढले. एक बटण दाबलं, ट्रक गेले. निष्कर्ष: परिणाम नगण्य. सही करून अहवाल पाठवून दिला. काकूंना नजर चुकवून सांगितलं की काळजीचं कारण नाही. मग म्हणाल्या, तुमच्या तोंडात साखर पडो. आणि खोटं बोलला असाल तर जे लपवलंत ते तुमच्याच छातीवरून जावो. म्हातारं माणूस, बोलायचंच.

ता. १३
खिडकीच्या चौकटीवर काजळी. पुसली तर चिकट. भरदुपारी डिझेलचा वास येतो, आणि इथे जवळपास रस्ताच नाही. गच्चीवरचा कागद मात्र पांढराशुभ्र.

ता. १४
जेवताना ताट थरथरलं, जड गाडी दारावरून गेल्यासारखं. काकूंना काहीच जाणवलं नाही. मी सही केल्यापासून पोरीला पंप लागलेला नाही, असं सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. माझा खोकला थांबत नाही. थुंकी काळी.

ता. १६
पळून दुसऱ्या गावी लॉजवर राहिलो. तिथेही रात्री ट्रक आलेच. भिंतीतून, एकामागून एक, ड्रायव्हर नसलेले, थेट माझ्या छातीवरून. अहवालात ज्यांना जागा ठेवली नाही ते जाणार कुठून? परत आलो. काकूंचे पाय धरले. म्हणाल्या, माझे काय धरता, ट्रक परत घाला.

ता. १७
साहेबांना म्हटलं, अहवाल बदलतो. ते म्हणाले, मंजूर झालाय, आता ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाही. उद्या जागा बघायला स्वतः येतायत. येऊ देत. माझ्याच खाटेवर निजवतो. ज्याने काढायला लावले त्याच्याही बरगड्या मोडू देत. हे मनात आलं आणि किती दिवसांनी बरं वाटलं.

ता. १८
साहेब आले. खाटेवर आडवे झाले. मी बघत होतो — काही नाही. छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, काय मोकळी हवा आहे हो. ट्रक त्यांना वळसा घालून माझ्याकडे —
अहवालावर सही माझी एकट्याची.

ता. १९
पोर अंगणात धावतेय. दम लागत नाही तिला.
काकूंनी बाहेरून कडी घातली. मी दार ठोकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, तुम्ही लॉजवर होतात त्या रात्री पोरीला पंप लागला; तुम्ही गेलात तर हा धूर तिच्याकडे येईल. पूल उभा असेल तोवर तुम्ही इथेच.
पूल तर अजून बांधायचाय. म्हणजे किती — काकू, म्हणजे किती वर्षं —