खुंटीवरचा पेला

३ सप्टेंबर
पाद्रीणबाई आल्या. "हेस्टर, चर्चच्या जत्रेत लावायला तुमच्या पबचा इतिहास लिहून द्या ना!" इतिहास! मी बिअर ओतणारी बाई. पण हो म्हणून बसले.

५ सप्टेंबर
लिहिलं — आधी पब, नंतर चर्च. मनोरा बांधणारे गवंडी इथेच राहायचे, इथेच प्यायचे. मनोरा कललाय तो उगाच नाही!

जेथ्रोला वाचून दाखवलं. चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवणाऱ्यांचा म्होरक्या तो. म्हणाला, "गवंड्यांना कशाला बदनाम करतेस? तुमची बिअर तेव्हाही पाणीच असणार."

९ सप्टेंबर
आज पेल्यांबद्दल लिहिलं. घंटा वाजवणाऱ्या प्रत्येकाचा कथलाचा पेला इथे भिंतीवर, खुंटीला. दुसऱ्याने त्यातून प्यायचं नाही. माणूस वारला की मंडळी त्याचा पेला उतरवतात आणि वरच्या फळीवर पालथा घालतात. कायमचा.

अँब्रोजचा खुंटीलाच आहे. कॅनडाला निघाला त्या दिवशी स्वतः अडकवला. "पुसत राहा, हेस्टर. आलोच!" पुसते. दर शनिवारी. केस पांढरे झाले, तरी दार वाजलं की मान वळतेच. लाज वाटते — पण वळते!

हे मात्र इतिहासात घातलं नाही.

१४ सप्टेंबर
बहिणीचा पुन्हा फोन. "पुरे झाला तो पब! माझ्याकडे ये, समुद्राकाठी." मी गेले आणि तो आला तर? दार कोण उघडणार?

१५ सप्टेंबर
नाही जाणार.

२० सप्टेंबर
जत्रा झाली. इतिहास वाचताना कललेल्या मनोऱ्याच्या वाक्याला सगळे हसले.

२१ सप्टेंबर
संध्याकाळच्या घंटा वाजवून मंडळी आली. पाद्रीणबाईही. इतिहास वाचून त्यांना भारी हुरूप आलेला. सरळ भिंतीशी गेल्या, अँब्रोजचा पेला उतरवला आणि फळीवर पालथा घातला.

"हा राहूनच गेला होता, नाही का? त्याच्यासाठी दर वर्षी प्रार्थना करतो आपण मनोऱ्यात."

मला हसूच आलं. वाटलं, बाईंची काहीतरी गल्लत झालीय. पण बाकी कुणी हसेना.

जेथ्रो बुटांकडे बघत होता. अँब्रोज तिकडेच वारल्याचं त्याच्या भावाने कधीच कळवलं होतं म्हणे. "तुला सांगणार कोण? आणि सांगितलं असतं तर तू इथे थांबली असतीस का गं?"

२७ सप्टेंबर
शनिवार. पेला पुसला. पुन्हा पालथाच ठेवला. बहिणीला फोन केला — येते.