मक्यातले वाटाणे

समुद्रकाठची वसाहत, अमेरिका
ता. ९ सप्टेंबर १६२४

प्रिय सिसलीताई,

तुझ्या धाकट्या टॅमसिनचा प्रेमाचा नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी जहाजातून उतरलं. कागदाला खारट वास लागलाय, पण अक्षर तुझंच, ओळ सोडून वर चढत जाणारं.

आम्ही खुशाल आहोत. गिल्बर्टनं घराला नवं छप्पर घातलं. एका कोपऱ्यात गळतं, पण तसं म्हटलं की हा नवरा दोन दिवस बोलत नाही, म्हणून मी गुपचूप तिथं भांडं ठेवते. शेळीला दोन करडं झाली. पाव मात्र अजून मक्याचाच. तुला तो घशाखाली उतरायचा नाही.

म्हणजे, तू आलीस तर.

भावजी गेल्यावर तिथं तुझं कोणी उरलं नाही, घर विकून वसंतातल्या जहाजानं येतेस आणि बाबांच्या पायाशी बसून माफी मागतेस, असं तू लिहिलंस. ते वाक्य मी दहादा वाचलं. हे जहाज परवा परत निघतंय. आता लपवून चालायचं नाही.

ताई, बाबा नाहीत. पहिल्याच हिवाळ्यात तापानं गेले. मागच्या पत्रात ‘बाबा बरे आहेत, तुझी आठवण काढतात’ असं लिहिलं, तेव्हा त्यांना जाऊन तीन महिने झाले होते. इथले मृत्यू कोणी घरी कळवायचे नाहीत, असा गव्हर्नरांचा हुकूम होता. नाहीतर मदतीला दुसरी माणसं कशाला येतील? पण हुकूम हे निमित्त. खरं म्हणजे मलाच धीर झाला नाही.

आम्ही देश सोडला त्या दिवशी तू रागानं धक्क्यावर आली नाहीस. शेजारणीच्या हाती वाटाण्यांची पुरचुंडी पाठवलीस आणि निरोप दिलास, “तिकडे उपाशी मरू नका म्हणावं.” मला राग आला होता. बाबांनी पुरचुंडी उघडली, दाणे बोटांनी खालीवर केले आणि हसले. “बघ टॅमी, रागातसुद्धा पोरीनं खायचे नाही, पेरायचे दिलेत. तिच्या परसातलं राखून ठेवलेलं बियाणं आहे.”

ती पुरचुंडी त्यांनी कोटाच्या अस्तरात शिवून घेतली. जानेवारीत आम्ही दिवसाला माणशी धान्याच्या पाच पाच दाण्यांवर होतो. बाबा तापानं फणफणले होते. मी म्हटलं, “बाबा, मूठभर शिजवते.” त्यांनी कोट छातीशी धरला. म्हणाले, “ते सिसलीचे आहेत. ती आली की विचारेल, पेरले का म्हणून. काय सांगू तिला?”

तू येणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं ताई. माफीबिफीचं काही त्यांच्या मनात नव्हतं.

त्या हिवाळ्यात आमच्यातले निम्मे गेले. आम्ही किती उरलो हे रानातल्या लोकांना कळू नये, म्हणून कुणाच्या थडग्यावर दगड ठेवला नाही. जमीन सपाट केली आणि वसंतात तिच्यावर मका पेरला. गंमत बघ, तो कसा पेरायचा हे त्याच रानातल्या लोकांनी आम्हाला शिकवलं. पहिलं कणीस पुढ्यात आलं तेव्हा गिल्बर्ट जेवणावरून उठून गेला. मी खाल्लं. भूक होती.

गावातल्या सगळ्यांनी आपले वाटाणे घरच्यासारखे उघड्या शेतात पेरले. फुलावर आले आणि उन्हानं करपून गेले. तुझे मी मक्यात लावले होते, बाबा आहेत तिथं. पावलं मोजून ठेवली होती. मक्याच्या सावलीत ते टिकले, त्याच्याच ताटांना धरून वर चढले. शेजारीण म्हणाली, “अगं, इथं कुठं सांडलेस गं?” मी म्हटलं, सांडले खरे.

या पत्रासोबत त्यातले मूठभर पाठवतेय. शिजवू नकोस.

आता बाबांसाठी येऊ नकोस. माझ्यासाठी ये म्हणायला मला तोंड नाही, एवढं खोटं लिहिल्यावर. तरी म्हणते. ये. रागावूनच ये हवं तर, पण ये. शेत एकसारखं दिसतं, कुणाला विचारून कळायचं नाही. माझं काही बरंवाईट व्हायच्या आत ये.

त्या मक्यात नेमकं कुठं उभं राहायचं हे जिला एकटीलाच ठाऊक आहे, ती तुझी
टॅमी